अलाइनमेंट शीटवर प्लॅनची साखळी आणि प्रोफाइलची साखळी जुळत नाहीये, मदत हवी (लांबलचक आहे)

सा_क्र_शून्य

नमस्कार मंडळी. मी तुर्भ्याला एका छोट्या सर्व्हे ऑफिसात कॅडचं काम बघतो, अकरा वर्षं झाली. आत्तापर्यंत सगळं जमिनीवरचं केलं, रस्ते, पाण्याच्या लाइनी, दोनतीन हाय टेन्शनच्या लाइनी. आता पहिल्यांदाच समुद्रातल्या पाइपलाइनच्या रूटची शीटं माझ्याकडे आलीत आणि एका जागी असा अडकलोय की तीन रात्री नीट झोप नाही.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. अलाइनमेंट शीट म्हणजे एकाच कागदावर वरच्या अर्ध्या भागात रूटचा प्लॅन, म्हणजे वरून बघितल्यावर दिसतं तसं, खोलीचे कंटूर, तळावर सापडलेल्या वस्तू, आधीच टाकलेल्या केबली वगैरे, आणि बरोबर त्याच्या खाली त्याच तुकड्याचं प्रोफाइल, म्हणजे रूटवरून उभं कापल्यावर समुद्राचा तळ आणि त्याखालचे थर कसे दिसतात ते. त्याच्याही खाली आडवे पट्टे असतात, त्यात साखळी (म्हणजे रूटच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर), खोली, तळाची माती, क्रॉसिंग (जिथे रूट जुन्या केबली, लाइनी ओलांडतो) असं सगळं लिहिलेलं. वरपासून खालपर्यंत एक उभी पट्टी ठेवली की त्या एका जागेची सगळी माहिती पट्टीला लागून वाचता आली पाहिजे. या कागदाचा जीव तेवढ्यातच आहे.

आता अडचण. रूट पश्चिमेकडून किनाऱ्याकडे येतो आणि मधेच ७२ अंश रेखांश ओलांडतो (कामाचं नावगाव सांगता येणार नाही, समजून घ्या). क्लायंटने वळणांचे अक्षांश रेखांश आणि प्रत्येकाची साखळी दिलीये, शेवटची साखळी ५८.४०० किमी. मी ते पॉइंट यूटीएम ४३ मध्ये (गोल पृथ्वी सपाट ग्रिडवर मीटरमध्ये मांडायची पद्धत, तिचा ४३ वा झोन) आणून ऑटोकॅडमध्ये पॉलिलाइन ओढली तर लांबी येते ५८.४४५. म्हणजे पंचेचाळीस मीटर जास्त. प्रोफाइल मी सर्व्हेवाल्यांच्या डेटावरून काढलं, त्यात साखळी क्लायंटची आहे, आणि प्लॅनवरच्या खुणा कॅडने मोजून टाकल्यात. शीट १:५००० ला आहेत, तीन किलोमीटरची एक, अशी वीस. पहिल्या शीटला सगळं ठीक वाटतं आणि विसाव्या शीटवर प्लॅनमधली क्रॉसिंगची केबल आणि प्रोफाइलमधला तिचा ठिपका यांच्यात नऊ मिलिमीटरचं अंतर. नऊ! पट्टी ठेवायची गरज नाही, डोळ्यांनीच दिसतं.

पॉइंट चारचारदा तपासले. ओव्हरकिल मारून बघितलं, डबल व्हर्टेक्स नाही. कुठे आर्क नाही. ऑफिसात एकाने सुचवलं की प्रोफाइल पंचेचाळीस मीटरने ताणून टाक, कोण बघतंय. मला ते नाही जमणार. मागे एका दुसऱ्या ठिकाणी असताना पाण्याच्या लाइनच्या शीटवर व्हॉल्व्ह चेंबर प्लॅनमध्ये १२४० ला आणि प्रोफाइलमध्ये १२६२ ला गेलं होतं, ते शीट माझ्या हातचं नव्हतं पण चेक करायला माझ्याकडे आलं होतं आणि मी घाईत सही केली. साइटवर मुकादमाने प्रोफाइल वाचलं, जेसीबीने बावीस मीटर पुढे खणलं आणि तिथे विजेची केबल होती. कुणाला लागलं नाही. पण अख्खी गल्ली दोन दिवस अंधारात, त्यात एका घरात आजीबाई ऑक्सिजनच्या मशिनवर होत्या, त्यांना रात्री दीड वाजता हलवावं लागलं. ते मला नंतर कळलं. तेव्हापासून साखळी जुळल्याशिवाय मी शीट हातातून सोडत नाही.

तर कुणी सांगेल का, हे पंचेचाळीस मीटर आले कुठून? आणि दुसरा प्रश्न, रूटला वळण आलं की प्लॅन आणि प्रोफाइल एकाखाली एक कसं बसवता तुम्ही लोक?

जुना_ट्रेसर

सही करून पश्चात्ताप झाला आणि तो जपून ठेवलास, हे चांगलं केलंस. आता कामाचं बोलू.

फरक किती आहे हे तू सांगितलंस, पण तो वाढतो कसा हे नाही सांगितलंस आणि खरं उत्तर तिथे आहे. आम्ही साखळीने मोजायचो, खरोखरच्या लोखंडी साखळीने, तेव्हा पहिली गोष्ट हीच शिकवली जायची. तीस मीटरच्या साखळीची कडी वाकली किंवा ताणली गेली तर चूक दर साखळीला थोडी थोडी वाढत जाते, शेवटी मोठी दिसते पण कुठेच उडी नसते. आणि मोजणाऱ्या पोराने एक खूण मोजायची सोडली तर चूक एकाच जागी येते, आख्खे तीस मीटर, आणि पुढे तेवढीच राहते. एक साखळीची चूक आणि एक माणसाची. फरक ओळखायला मधल्या जागा तपासाव्या लागतात.

तर प्रत्येक वळणाला क्लायंटची साखळी आणि तुझ्या कॅडची साखळी शेजारी शेजारी लिही, वजाबाकी कर आणि इथे टाक. एखाद्या वळणाला एकदम उडी दिसली तर तो पॉइंट चुकलाय. हळूहळू चढत असेल तर पॉइंट सगळे बरोबर आहेत, मोजपट्टीच वेगळी आहे.

सा_क्र_शून्य

काका, आत्ताच एक्सेलमध्ये काढलं. उडी कुठेच नाही. दहाव्या किलोमीटरच्या आसपास साडेनऊ मीटर, तिसाव्याला सव्वीस, पन्नासाव्याला चाळीस, शेवटी पंचेचाळीस. पण एक विचित्र आहे, ते सारखं वाढत नाहीये. सुरुवातीला किलोमीटरला जवळजवळ एक मीटर वाढतंय आणि किनाऱ्याकडे येताना साठेक सेंटीमीटरच. साखळी ताणली असती तर सारखंच वाढलं असतं ना?

ग्रिड_गडी

मिळालं तुमचं उत्तर! पश्चिमेला जास्त आणि पूर्वेला कमी, ही ओळच सगळं सांगते.

मी जमिनीवरचा माणूस, मेट्रो आणि फ्लायओव्हरच्या कंट्रोल सर्व्हेत होतो, पण हे आमच्याकडेही रोज भेटतं. पृथ्वी गोल, कागद सपाट, त्यामुळे यूटीएममध्ये मोजलेलं अंतर हे ग्रिडवरचं अंतर असतं, खरं अंतर नव्हे. झोन ४३ चा मध्य रेखांश ७५ अंश. त्या रेषेवर मुद्दाम ०.९९९६ ने आखडून घेतलेलं असतं, म्हणजे तिथे किलोमीटरला चाळीस सेंटीमीटर कमी दिसतं, आणि मग दोन्ही बाजूंना जसजसं लांब जाल तसतसं ते वाढत जातं, साधारण पावणेदोन अंश लांब गेलं की बरोबर होतं आणि त्यापुढे जास्त दिसायला लागतं. आपली मुंबई ७२.८५ च्या आसपास, म्हणजे मध्यापासून सव्वादोन अंशाच्या जवळ, इथे किलोमीटरला तेवीस सेंटीमीटर जास्त. ७२ अंशावर, जिथे झोन संपतो, तिथे त्र्याऐंशी. आणि तुम्ही तर झोनच्या बाहेर जाताय, ७१.८ ला तो आकडा एक मीटरच्या वर पोचतो. तुमच्या एक्सेलमधल्या सुरुवातीच्या एक मीटरशी आणि शेवटच्या साठ सेंटीमीटरशी ताडून बघा, बसतंय.

क्लायंटची साखळी ही एलिप्सॉइडवरची (पृथ्वीच्या किंचित चपट्या गोल आकारावरची) आहे, अक्षांश रेखांशांवरून थेट काढलेली, आणि तुमच्या कॅडला पृथ्वी गोल आहे हे माहीतच नाही, त्याला दोन पॉइंट दिसतात आणि पायथागोरस. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

तेवीस सेंटीमीटर म्हणजे काही नाही असं वाटतं ना, पण कुलाबा बांद्रे सीप्झ ही मेट्रो तीन साडेतेहेतीस किलोमीटरची आहे, एवढ्या लांबीत ग्रिड आणि जमीन यांच्यात सातआठ मीटरचा फरक पडतो. बोगदा खणणाऱ्या मशिनला सातआठ मीटर चालत नाहीत. म्हणून मोठ्या कामांना आपला लोकल ग्रिड बांधून घेतात, जिथे जमिनीवरचा एक मीटर म्हणजे कागदावरचा एक मीटर. समुद्रातल्या लांब लाइनीला तसं करणं सोयीचं नाही कारण बोटीवरचं नेव्हिगेशन, जुन्या लाइनींचा डेटा, सगळं यूटीएममध्ये असतं.

अजून एक, ७२ ओलांडताना मधेच झोन ४२ करायच्या भानगडीत पडू नका. ७२ वर झोन ४३ मध्ये ईस्टिंग (पूर्व-पश्चिम दिशेचा मीटरमधला आकडा) १ लाख ८४ हजार असतं आणि झोन ४२ मध्ये तीच जागा ८ लाख १५ हजाराच्या पुढे. एका शीटच्या डाव्या अर्ध्यात एक आकडा आणि उजव्यात दुसरा, वाचणाऱ्याचा जीव जाईल. एकच झोन सगळ्या कामाला, आणि टायटल ब्लॉकमध्ये स्पष्ट लिहा की डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम ४३ उत्तर, ७२ च्या पश्चिमेला वाढवलेला, साखळी एलिप्सॉइडवरची. चार ओळी लागतील पण पुढच्या माणसाच्या तीन रात्री वाचतील.

सा_क्र_शून्य

ग्रिड_गडी साहेब, काय सांगू. अकरा वर्षं हे काम करतोय आणि हे मला कधी लागलंच नाही, कारण आमचे रस्ते पाचसात किलोमीटरचे आणि टोटल स्टेशनने जमिनीवर मोजलेले. खरंच मनापासून आभार.

आता करायचं काय ते सांगा. पॉलिलाइनची लांबी तर बदलता येणार नाही.

ठाणे_स्लो

मी सांगते, मी हेच काम केबल रूटवर दोन वर्षं केलंय.

प्लॅनवरच्या साखळीच्या खुणा कॅडला मोजायला लावूच नका. मेजर किंवा डिव्हाइड कमांडने टाकलेल्या खुणा ग्रिडवर मोजलेल्या असणार, त्या चुकणारच. उलट करा. प्रत्येक शंभर मीटरच्या साखळीचा अक्षांश रेखांश एलिप्सॉइडवर काढा, तो यूटीएममध्ये आणा आणि त्या जागी खूण ठेवा. क्यूजीआयएसमध्ये जमतं, पायथनमध्ये पायप्रोज वापरलं तर वीस ओळींचं काम आहे. क्यूजीआयएसमध्ये एक लक्षात ठेवा, फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डॉलरवाली लेंग्थ प्रोजेक्टच्या एलिप्सॉइडवर मोजते आणि जॉमेट्रीवर लावलेली साधी लेंग्थ सपाट मोजते, दोन्ही काढून बघा, तुमचे पंचेचाळीस मीटर तिथेच स्क्रीनवर दिसतील.

मग एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीला ब्लॉक इन्सर्टची कमांड जोडून घ्या, ब्लॉकचं नाव, ईस्टिंग कॉमा नॉर्दिंग, स्केल, कोन आणि साखळीचा आकडा, सगळं एका कॉलममध्ये, आणि ते स्क्रिप्ट फाइल म्हणून सेव्ह करून ऑटोकॅडमध्ये चालवा. ५८४ खुणा चहा संपायच्या आत पडतात. पण स्क्रिप्ट चालवायच्या आधी ओस्नॅप बंद करा!! हे मी ओरडून सांगतेय कारण ओस्नॅप चालू राहिला तर टाइप केलेला कोऑर्डिनेटही कधीकधी जवळच्या कंटूरला जाऊन चिकटतो आणि ५८४ मधल्या सहासात खुणा दोनतीन मीटरने हललेल्या असतात, त्या डोळ्यांना दिसतही नाहीत. मला एकदा क्लायंटने दाखवून दिलं होतं तेव्हा कळलं, फार वाईट वाटलेलं.

आणि आता यातली सगळ्यात छान गोष्ट. खुणा अशा टाकल्यात की चूक साठत नाही. एका शीटवर तीन किलोमीटर, त्यात ग्रिड आणि खरं अंतर यांच्यात फार फार तर तीन मीटरचा फरक, म्हणजे १:५००० ला अर्धा मिलिमीटर. पुढच्या शीटला परत मॅचलाइनच्या (जिथे एक शीट संपून दुसरी सुरू होते त्या रेघेच्या) साखळीपासून सुरुवात, तिथे परत शून्य. अर्धा मिलिमीटर कुणाच्या पट्टीला लागत नाही. नऊ मिलिमीटर आले कारण तुम्ही वीस शीटांचा फरक एकाच दोरीवर साठवत नेलात.

जुना_ट्रेसर

ताईंनी अगदी नेमकं सांगितलं. आम्ही ट्रेसिंगवर काढायचो तेव्हा प्रत्येक शीटची सुरुवात मॅचलाइनवरून नव्याने करायचो, कारण ट्रेसिंग पेपर पावसाळ्यात ओल धरून फुगायचा, मुंबईच्या जुलैत मीटरभर लांबीच्या कागदात मिलिमीटरभर फरक सहज पडायचा. कागद बदलला पण रीत तीच चालली, हे वाचून बरं वाटलं.

आता तुझा दुसरा प्रश्न, वळणाचा. हा खरं तर पहिल्यापेक्षा अवघड आहे, कारण पहिल्याला गणित आहे आणि याला नजर लागते.

प्रोफाइल कायम सरळ असतं, आडवं, डावीकडून उजवीकडे. प्लॅन वळतो. समज शीटच्या बरोबर मधे तीस अंशाचं वळण आहे, दीड किलोमीटर इकडे, दीड तिकडे. तू व्ह्यू असा फिरवलास की दोन्ही टोकं आडवी दिसतील, तर टोकापासून टोकापर्यंत सरळ अंतर तीन किलोमीटर नाही, २ किलोमीटर ८९८ मीटर भरतं. १०२ मीटर गेले, कागदावर वीस मिलिमीटर! पहिल्या अडचणीतल्या नऊच्या दुप्पट. आणि हे तू कितीही बरोबर खुणा टाकल्यास तरी जाणार नाही, कारण ते भूमितीत आहे.

आम्ही काय करायचो, प्लॅनची पट्टी वळणावर ब्लेडने कापायचो, दुसरा तुकडा फिरवून आडवा करायचो आणि मधे पाचराच्या आकाराची रिकामी फट ठेवून चिकटवायचो. वळणाच्या आतल्या अंगाला फट येते, बाहेरच्या अंगाला दोन तुकडे एकमेकांवर येतात, तो भाग एका बाजूचा काढून टाकायचा. त्या फटीत काही भरायचं नाही. कोरीच ठेवायची. कुणी हौसेने तिथे कंटूर जोडून दिले की वाचणारा फसला. तुझ्या कॅडमध्ये याला दोन व्ह्यूपोर्ट (शीटवर ड्रॉइंगचा तुकडा दाखवणाऱ्या खिडक्या) लागतील, दोघांना वेगवेगळा ट्विस्ट, आणि मधे ठळक ब्रेकलाइन. पाचसहा अंशाच्या वळणाला हे करायची गरज नाही, तिथे फरक मिलिमीटरच्या आत राहतो. आमच्याकडे दहा अंशाच्या पुढे गेलं की कापायचो, आणि शक्य असेल तर शीटच असं पाडायचो की मोठं वळण मॅचलाइनवर येईल, म्हणजे कापायचीच वेळ येत नाही. मग शीटा वीसच्या बावीस होतात, होऊ देत.

ग्रिड_गडी

काका, सिव्हिल थ्रीडीमध्ये व्ह्यू फ्रेम आपोआप अलाइनमेंटच्या दिशेने फिरतात, मॅचलाइनही तोच टाकतो. पण तो फ्रेम सारख्या लांबीने पाडत जातो, वळण कुठे आहे ते बघत नाही, मग एकेक फ्रेम हाताने सरकवावी लागते. सा_क्र_शून्य, तुमच्याकडे सिव्हिल थ्रीडी आहे का साधं ऑटोकॅड?

सा_क्र_शून्य

साधं ऑटोकॅड आहे, तेही जुनं. मी मॉडेल स्पेसमध्ये सगळं खऱ्या कोऑर्डिनेटवर ठेवलंय, लेआउटमध्ये व्ह्यूपोर्ट उघडून डीव्ह्यूने ट्विस्ट देतोय. इथेही एक किस्सा झाला. आमचे नॉर्दिंग एकवीस लाखांच्या घरातले, त्यामुळे हॅच तुटक दिसायला लागली, तर ऑफिसातल्याच एकाने सगळं ड्रॉइंग उचलून शून्य शून्यला आणून ठेवलं, म्हणे आता छान दिसतंय. दिसतंय छान, पण बॅथिमेट्रीचा एक्सरेफ (समुद्राच्या खोलीची बाहेरून जोडलेली फाइल) अरबी समुद्रात राहिला आणि रूट शून्यावर. परत सगळं जागेवर आणायला अर्धा दिवस गेला.

ठाणे_स्लो

अरे देवा. ड्रॉइंग कधी हलवायचं नाही, यूसीएस (कामापुरता शून्य बिंदू आणि अक्ष) हलवायचा. हॅच तुटत असेल तर हॅचचा ओरिजिन जवळ घ्या, ती सुधारते.

बार्जवरचा

दोन दिवस वाचतोय, आता रेंज मिळाली म्हणून लिहितो. मी सर्व्हे बोटीवर आणि पाइप टाकणाऱ्या बार्जवर दोन्हीकडे काम केलंय, म्हणजे तुम्ही जे शीट काढता ते मी भिंतीला लावून वापरतो. तुम्ही गणित नीट करताय ते वाचून आनंद झाला, पण आमच्या बाजूचं पण थोडं ऐका.

रात्री ब्रिजवर अंधार ठेवतात, बाहेरचं दिसावं म्हणून. चार्ट टेबलावर लाल दिवा. लाल दिव्याखाली लाल रेघ गायब होते, शब्दशः गायब, कागद कोरा दिसतो. एका कामावर आम्हाला जी शीटं आली होती त्यात क्रॉसिंगच्या जुन्या लाइनी लाल रंगात होत्या, कारण कॅडवाल्याला वाटलं धोका म्हणजे लाल. पहाटे तीन वाजता अँकर टाकायची जागा ठरवताना ज्या एका गोष्टीपासून लांब राहायचं तीच कागदावर नव्हती. टॉर्च मारला म्हणून दिसली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, धोक्याची रेघ रंगाने नाही, जाडीने आणि लाइनटाइपने वेगळी करा, आणि रंग द्यायचाच तर काळा किंवा निळा.

दुसरं, प्रोफाइलचं उभं स्केल. प्लॅन १:५००० आणि उभं १:२०० म्हणजे पंचवीस पट ताणलेलं. खरा एक अंशाचा उतार तुमच्या कागदावर साडेतेवीस अंशाचा दिसतो. आम्हाला सवय आहे, पण नवीन सुपरवायझर बघतो आणि म्हणतो हा कडा आहे, इथे पाइप लोंबकळणार. तेव्हा प्रत्येक शीटवर, पहिल्या नव्हे प्रत्येक, प्रोफाइलच्या शेजारी लिहा की उभं पंचवीस पट आहे, आणि शक्य असेल तर कोपऱ्यात एक, दोन, पाच अंश कसे दिसतात ती छोटी पंखा आकृती द्या. जागा लागते पण फार उपयोगी.

तिसरं, किनाऱ्याजवळची दोनतीन शीटं. तिथे डोलीचे खुंट असतात. आपले कोळी बांधव डोल जाळी लावायला समुद्रात जे खांब ठोकतात ते, आणि जाळी काढून घेतली तरी कित्येक खुंट मोडून तळातच राहतात. साइड स्कॅनवर (आवाजाने तळाचं चित्र काढणाऱ्या सोनारवर) ते बारीक ठिपका आणि लांब सावली असे दिसतात. सर्व्हेवाला त्यांना नुसतं कॉन्टॅक्ट नंबर अमुक असं लिहून देतो आणि कॅडवाला तसाच नंबर छापतो. नंबर नको, खुंट लिहा. खुंट असेल तर आम्ही आधी गावात जाऊन बोलतो, कुणाची जागा आहे, हंगाम कधी संपतो, कारण त्यावर त्यांचं पोट आहे. नंबर असेल तर तो नुसता अडथळा होतो आणि डायव्हर जाऊन कापून येतो, मग भांडण. तुमच्या एका शब्दाने हे होतं किंवा टळतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि लेव्हल. समुद्रातली खोली चार्ट डेटमवर असते (डेटम म्हणजे जिथून मोजायचं ती शून्य पातळी), मुंबईत ते सरासरी समुद्रपातळीच्या साधारण अडीच मीटर खाली. किनाऱ्यावरचे सर्व्हे ऑफ इंडियाचे आकडे सरासरी समुद्रपातळीवर. आणि महापालिकेची ड्रॉइंगं टाउन हॉल डेटमवर असली तर त्यातले आकडे वीस मीटरपेक्षाही जास्त मोठे दिसतात. लँडफॉलच्या (लाइन किनाऱ्याला लागते तिथल्या) शीटवर हे तिन्ही एकत्र येतात. तिथे प्रोफाइल समुद्रातून जमिनीवर चढताना एक पायरी दिसली तर ती खरी पायरी समजू नका, आधी डेटम विचारा.

सा_क्र_शून्य

बार्जवरचा दादा, तुमचं वाचून मी उठून लँडफॉलची शीट उघडली. अडीच मीटरची पायरी आहे. मी तिला बंधारा समजून त्यावर हॅच मारली होती.

जुना_ट्रेसर

फोर्टात एशियाटिकच्या पायऱ्यांवरून मी कित्येक वर्षं ऑफिसला जायचो, ज्या टाउन हॉलच्या नावाने ते डेटम आहे ती हीच इमारत. ती लेव्हल आजही शहराच्या नाल्यांच्या कागदांवर जिवंत आहे. नवीन मुलांना एकदा तिथे नेऊन दाखवलं पाहिजे की आरएलचा (उंचीच्या पातळीचा) आकडा आभाळातून पडत नाही, कुठल्यातरी दगडापासून मोजलेला असतो.

मालाडचा_मनोज्ञ

एक विचारू का, राग मानू नका. पंचेचाळीस मीटर अठ्ठावन्न किलोमीटरमध्ये म्हणजे हजारात एकही नाही. आजकाल बोटीवर जीपीएस असतं, सगळे कोऑर्डिनेटवर चालतात, साखळी कोण बघतं? एवढा खटाटोप खरंच लागतो का?

बार्जवरचा

राग कशाला, प्रश्न बरोबर आहे. बोट कोऑर्डिनेटवर चालते हे खरं. पण माणसं आपसात साखळीत बोलतात. रेडिओवर कुणी सतरा आकडी ईस्टिंग नॉर्दिंग सांगत नाही, सांगतो की केपी (साखळीचा किलोमीटर) ४१ पॉइंट ६ ला क्रॉसिंग आहे, टेन्शन कमी करा. वेल्डिंगच्या जॉइंटची नोंद साखळीत, डायव्हरचा रिपोर्ट साखळीत, वीस वर्षांनी गळती शोधायला जे येतील त्यांच्या हातातही साखळीच. आणि पंचेचाळीस मीटर म्हणजे बारा मीटरचे जवळजवळ चार पाइप. ते चार पाइप शेवटी कुठेतरी कमी किंवा जास्त पडतात आणि ते कळतं ते समुद्रात, बार्जचं भाडं दिवसाला चालू असताना.

मालाडचा_मनोज्ञ

पटलं. माझ्या डोक्यात रस्त्याचंच चित्र होतं. धन्यवाद.

सा_क्र_शून्य

मंडळी, अपडेट देतो. आठवडा झाला.

खुणा सगळ्या नव्याने टाकल्या, ताईंनी सांगितल्याप्रमाणे, ओस्नॅप बंद करून. तीन ठिकाणी वळण मॅचलाइनवर नेलं, एका ठिकाणी जमलं नाही तिथे कापून फट ठेवली, कोरी ठेवली. शीटा बावीस झाल्या, काका म्हणाले तशाच. लँडफॉलची पायरी गेली, आता किनारा हळूच वर चढतो, जसा तो खरोखर आहे. सर्व्हेवाल्याला फोन करून किनाऱ्याजवळचे कॉन्टॅक्ट एकेक करून विचारले, चौदापैकी नऊ खुंट निघाले, ते तसे लिहिले. क्रॉसिंगच्या लाइनी काळ्या, जाड, डॅशडॉट.

काल फोर्टात प्लॉटिंगवाल्याकडे बसून सगळ्या ए१ वर काढल्या. दुकानातच त्याच्या काउंटरवर शेवटची शीट पसरली आणि लोखंडी पट्टी उभी ठेवली. वर प्लॅनमध्ये केबल, खाली प्रोफाइलमध्ये तिचा ठिपका, त्याखाली पट्ट्यात ५७.३१२, तिन्ही पट्टीच्या एकाच कडेला. पट्टी उचलली, परत ठेवली, तरी तिथेच. मग बाकीच्या एकवीस शीटांवर तेच केलं, प्लॉटिंगवाला थांबला माझ्यासाठी, पावणेनऊ वाजले. अकराव्या शीटवर एक चूक सापडली, व्ह्यूपोर्ट फिरवला होता पण उत्तरेचा बाण पेपर स्पेसमध्ये सरळ वर बघत राहिला होता. तो पण फिरवला. आणि बाण ग्रिड उत्तरेचा आहे असं खाली लिहिलं, कारण मुंबईजवळ ग्रिड उत्तर आणि खरी उत्तर यांत साधारण पाऊण अंशाचा फरक निघाला, हे पण याच धाग्यामुळे तपासलं.

ठाणे_स्लो

वाह! खूप खूप अभिनंदन. ती स्क्रिप्टची एक्सेल नाव काढून इथे चढवा ना, पुढच्यांना होईल.

बार्जवरचा

मस्त. एकच विचारतो, पट्ट्यातली अक्षरं किती उंचीची ठेवलीत? आमच्याकडे बार्जवर ए१ प्लॉटर नसतो, ऑफिसातून पीडीएफ येते आणि आम्ही ए३ वर काढून लॅमिनेट करतो.

सा_क्र_शून्य

अडीच मिलिमीटर ठेवलीत. ए३ वर सव्वाच होतील ना. थांबा, साखळी आणि क्रॉसिंगचे दोन पट्टे तरी साडेतीनला नेतो, माती आणि थरांची वर्णनं थोडी आखडती घेऊन जागा करता येईल. उद्या ए३ वर काढून, लॅमिनेट करून, लाल दिव्याखाली बघून सांगतो.